हललेला फोटो

गेल्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर काढलेल्या एका छायाचित्राने मला इतका आनंद दिला होता, की पुढचे दोन दिवस मी ते पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. संध्याकाळचे सात वाजले होते, पाऊस नुकताच येऊन गेला होता आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर, चार-पाच जणांच्या कोपरांमधून वाट काढत कॅमेरा धरून उभी होते. समोर एक ढोल-ताशा पथक थांबले. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी एक मुलगी होती. एकोणीस-वीस वर्षांची, केशरी फेटा बांधलेली, कमरेचा ढोल तिच्याहून मोठा वाटावा अशा बारीक चणीची. ताशांची तर्री वाढत गेली, ठेका पडला आणि ती कमरेपासून वर झाडाच्या शेंड्यासारखी झुलू लागली. मी शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड येत राहण्याचा वेळ, १/८ सेकंदावर आणला, श्वास रोखला आणि बटण दाबले. छायाचित्रात तिचे पाय ओल्या रस्त्यावर घट्ट रोवलेले दिसतात. मागच्या इमारतीच्या सज्जात उभ्या असलेल्या आजोबांच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसते. आणि या साऱ्या स्थिर गोष्टींच्या मधोमध ती मुलगी म्हणजे एक केशरी-पांढरा पंखा आहे. टिपरू धरलेला हात खांद्यापासून ढोलाच्या पानापर्यंत एकाच वेळी सगळीकडे आहे, आणि चेहरा वाऱ्याने विस्कटलेल्या रांगोळीसारखा झाला आहे.

पथक पुढे सरकण्याआधी तिने मला पाहिले होते. "मॅडम, मला पाठवाल का?" असे ओरडून तिने नंबर सांगितला होता, आणि त्या गदारोळात मी तो कसाबसा टिपून घेतला होता. तिसऱ्या दिवशी, त्या संध्याकाळच्या दोनशेहून अधिक छायाचित्रांतले मला सर्वांत आवडलेले हे एक मी तिला पाठवले. तासाभराने उत्तर आले: "खूप छान आहे. पण यात मी कुठे आहे?" त्याखाली, थोड्या वेळाने, आणखी एक ओळ: "आईला पाठवायचा होता."

मी आधी शटर आणि गती यांबद्दल बरेच काही लिहिले, वाचून पाहिले आणि पुसून टाकले. मग तिचा स्पष्ट चेहरा असलेले एखादे छायाचित्र शोधायला बसले. त्या संध्याकाळी मी ठरवून हळू शटरवरच काम केले होते, त्यामुळे तसे एकही नव्हते. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, हे मला त्या दोनशे छायाचित्रांच्या शेवटी पोहोचल्यावर कळले.

आपल्याकडे अशा चित्रासाठी फार जुना आणि साधा शब्द आहे: हललेला फोटो. माणूस हलला, कॅमेरा धरणाऱ्याचा हात हलला किंवा दोन्ही हलले, तरी आपण म्हणतो, "फोटो हलला." जणू हलण्याची क्रिया त्या कागदानेच केली. लहानपणी मला हा शब्द चुकीचा वाटे. आता तो मला अतिशय नेमका वाटतो. कारण धूसर फोटो आणि हललेला फोटो यांत मोठा फरक आहे. फोकस चुकलेले चित्र धुक्यासारखे असते, त्याला दिशा नसते. हललेल्या चित्राला दिशा असते. कडा कुठून निघाली आणि कुठे पोहोचली, ती कुठे रेंगाळली, कुठे झर्रकन गेली, हे सगळे त्यात वाचता येते. जिथे वस्तू थोडी थांबली तिथे रंग दाट पडतो, जिथे ती वेगाने गेली तिथे मागची भिंत तिच्यातून आरपार दिसते. म्हणजे त्यात काहीही पुसलेले नसते. उलट एका क्षणाऐवजी अनेक क्षण एकावर एक ठेवलेले असतात.

मी हे शिकले ते मामाने दिलेल्या पेंटॅक्स के-१००० वर. त्या कॅमेऱ्यात एका सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे आकडे एका खरखरीत चकतीवर कोरलेले होते आणि ती फिरवताना बोटाला प्रत्येक आकड्याची खाच लागायची. पन्नास मिलिमीटरची लेन्स असेल तर १/६० च्या खाली हातात धरून फोटो काढू नये, हातच हलतो, हा पहिला धडा. तो धडा मोडायचा कसा, हे मी नळ स्टॉपच्या चौकात शिकले. तेव्हा संध्याकाळी कर्वे रस्त्यावरून सायकलींची रांग वाहत असे. एक सायकल दुरून हेरायची, पाय तिच्या शेवटच्या जागेकडे रोखून उभे राहायचे, आणि कमरेतून वळत, सायकलस्वाराचा खांदा चौकटीत एकाच जागी ठेवत, १/१५ वर बटण दाबायचे. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे बटण दाबल्यावरही वळत राहणे. गोलंदाजाचा हात चेंडू सुटल्यावर जसा पुढे जातो, तसे शरीर पुढे जाऊ द्यावे लागते. दाबताक्षणी थबकले की फोटोत सायकल विस्कटते. छायाचित्रकार याला पॅनिंग म्हणतात. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये दोन साधले तर तो आठवडा सार्थकी लागे. सायकलस्वार स्पष्ट, चाकांच्या आऱ्या विरघळलेल्या, आणि मागची दुकाने, पाट्या, झाडे, थांबलेली बस, सगळ्यांच्या आडव्या रेघा. त्या रेघांमध्ये मला पहिल्यांदा ती संध्याकाळ जशी अंगाला लागली होती तशी दिसली. डिझेलचा वास आणि भाजलेल्या कणसाचा धूर या चित्रात नाहीत, हे मला पटवून घ्यावे लागले, इतकी ती आतून ओळखीची होती.

रोल धुवायला मी सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओत देत असे. तिथले गृहस्थ निगेटिव्हची पट्टी उजेडाच्या डब्यावर धरून बोटाने खुणा करत. "हे चार चांगले आलेत. बाकीचे हललेत. मारू का प्रिंट, का राहू दे?" त्यांचा हेतू चांगला होता, माझे पैसे वाचावेत असे त्यांना वाटे. मी "हललेलेच मारा" म्हणाले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण पुढच्या वेळेपासून विचारले नाही. त्यांनी काळजीपूर्वक केलेले ते प्रिंट अजून माझ्याकडे आहेत.

चलच्चित्राच्या जगात मात्र हललेल्या फोटोची कुणालाच लाज वाटत नाही, हे मला नंतर कळले. लॉ कॉलेज रस्त्यावर, जिथे १९३३ मध्ये प्रभात कंपनीचा स्टुडिओ आला आणि १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्या आवारात शिकलेल्या एका स्नेह्याने मला एकदा फिल्मची पट्टी हातात दिली. एक मुलगा गल्लीतून धावत येतो, असे दृश्य होते. पडद्यावर ते स्वच्छ दिसले होते. पट्टीवर एकेक चौकट पाहिली, तर प्रत्येकात मुलाचे पाय नुसते फराटे होते. सेकंदाला २४ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला साधारण १/४८ सेकंद उजेड. धावणारा पाय तेवढ्या वेळात हलणारच. ते फराटे काढून टाकले, प्रत्येक चौकट लख्ख केली, तर पडद्यावरचा मुलगा धावत नाही, तो तुटक उड्या मारल्यासारखा दिसतो, असे त्याने सांगितले. डोळ्याला गती पटते ती त्या फराट्यांमुळे. ढोलाचेही तसेच आहे. आजच्या कॅमेऱ्याने १/२००० वर काढलेले ढोलवादकाचे छायाचित्र पाहावे. टिपरू हवेत टांगलेले, पाण्याचा थेंब काचेसारखा, स्नायूची शीर न् शीर मोजता येते. मला त्यात आवाज ऐकू येत नाही. कुणीतरी ढोल बांधून, हात वर करून नुसते उभे आहे, असेच वाटत राहते. लक्ष्मी रस्त्यावर पथक समोर असताना तो ठोका आधी छातीच्या पिंजऱ्यात लागतो, मग कानाला कळतो. दुकानाची पत्र्याची दारे थरथरतात. पायाखालची पायरी थरथरते. अशा जागी काहीच न हललेले चित्र काढणे मला खोटे बोलण्यासारखे वाटते.

हे मी आजही मानते. तरीही त्या मुलीचा प्रश्न या सगळ्याने सुटत नाही.

छायाचित्रणाच्या आरंभीच हा प्रश्न उभा आहे. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमध्ये उंचावरून एका रुंद रस्त्याचे चित्र घेतले. त्यांच्या पत्र्यावर चित्र उमटायला तेव्हा काही मिनिटे लागत. रस्ता गजबजलेला असणार; घोडागाड्या, पायी जाणारे, फेरीवाले. चित्रात मात्र रस्ता ओस पडला आहे. जे चालत होते ते कुणीही उमटले नाहीत. उमटला तो कोपऱ्यावर एक पाय उचलून थांबलेला एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत होता. त्याच्यापाशी वाकलेला पॉलिशवाला तर अंदाजानेच ओळखावा लागतो. छायाचित्रात आलेली ही पहिली माणसे असे मानले जाते. हे चित्र मी पुस्तकात अनेकदा पाहिले होते, आणि दर वेळी त्यातल्या थांबलेल्या माणसाबद्दल मला कौतुक वाटले होते. न उमटलेल्यांचा विचार मी केला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी आषाढीच्या वारीत माझ्या हातून जवळजवळ तेच चित्र निघाले. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ आणि भवानी पेठ वारकऱ्यांनी फुलून जातात, आणि रस्त्याच्या कडेला शहरातले कारागीर वारकऱ्यांची फुकट सेवा करत बसतात; कुणी दाढी-कटिंग करून देतो, कुणी पाय चेपून देतो, कुणी तुटलेल्या चपला शिवून देतो. आभाळ भरून आले होते. मी ट्रायपॉड भिंतीला टेकवला, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेडाचे छिद्र, ८ वर ठेवले आणि लेन्सवर उजेड हजारपटीने कमी करणारा काळा फिल्टर चढवला. एरवी जिथे १/१२५ सेकंद पुरले असते, तिथे आठ सेकंद लागले. आठ सेकंदांत सगळी दिंडी निघून गेली. पांढऱ्या धोतरांचा आणि टोप्यांचा एक लांब दुधी पट्टा उरला, त्यावर पताकांचे भगवे ओरखडे, आणि एका जागी, बहुधा तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली बाई थोडी रेंगाळली असावी, तिथे एक हिरवट डाग. या पट्ट्याच्या अलीकडे एक म्हातारे वारकरी एका पायावर तोल सांभाळत, भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांच्या दुसऱ्या पायातली चपल समोरच्या चर्मकाराच्या मांडीवर होती. ते पूर्ण उमटले आहेत. बोटांच्या भेगा दिसतात. चपल शिवणाऱ्याचे खांदे आणि पाठ उमटली आहे. आरी धरलेला हात मात्र नाही, तिथे नुसता धूर आहे. काम करणारा हात न उमटण्याची ती जुनी गोष्ट पुण्यात, दीडशेहून अधिक वर्षांनंतर, तशीच घडली.

ते छायाचित्र एका लहानशा प्रदर्शनात लागले, लोकांनी त्याच्यासमोर थांबून चांगले बोलून दाखवले. माझ्या मनात तेव्हा एवढेच आले होते, की वारी अशीच दिसते, एकजीव. आता मी तो दुधी पट्टा पाहते तेव्हा आळंदीहून आणि देहूहून चालत आलेली, पुढे पंढरपूरपर्यंत चालत जाणार असलेली ती शे-दीडशे माणसे मला एकेकटी आठवायला लागतात. माझ्या पुढ्यातून गेलेला टाळ वाजवणारा एक मुलगा होता, त्याच्या कपाळावरचा बुक्का घामाने नाकापर्यंत आला होता. माझ्या चित्रात तो नाही. त्याच्या चालण्याने तो पट्टा बनला, एवढाच त्याचा वाटा. वारकऱ्याला त्याचे वाईट वाटणार नाही, असे कुणी म्हणेल. ते खरेही असेल. पण ते त्याने म्हणायचे आहे, मी परस्पर ठरवायचे नाही.

कॅमेऱ्यामागच्या माणसाला हळू शटर म्हणजे मोकळीक वाटते. एर्न्स्ट हास या ऑस्ट्रियात जन्मलेल्या छायाचित्रकाराने १९५६ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाला बैलांच्या झुंजी रंगीत फिल्मवर टिपल्या, त्यात बैल, माणूस आणि कापड यांच्या कडा एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कोण कुठे संपतो ते कळत नाही, आणि त्या खेळातली भीती नेमकी तिथेच आहे. ती चित्रे पाहून मी किती दिवस पर्वतीच्या पायथ्याशी शाळा सुटताना उभी राहिले असेन! पण माझ्या प्रश्नाजवळ जास्त जाणारी चित्रे रशियन छायाचित्रकार अलेक्सेई तितारेंको यांची आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, सोव्हिएत व्यवस्था कोसळत असताना, त्यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरची गर्दी लांब एक्सपोजरने, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवून, टिपली. माणसांची वाफ झाली आहे. पण कठड्याला धरलेले काही हात स्पष्ट राहिले आहेत. हात तेवढे थांबले होते, बाकी शरीरे लोटली जात होती. ते हात पाहिले, की त्या वाफेत माणसे आहेत याची खात्री पटते, आणि मग ती वाफ सहन होईनाशी होते.

हे हात मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी दचकले, कारण तसा एक हात आमच्या घरात आहे.

माझ्या आजीचा एकच फोटो आहे. शनिवार पेठेतल्या वाड्याच्या चौकात १९५६ च्या सुमारास काढलेला. काळे फडके डोक्यावर घेणारा फोटोवाला आला होता. लेन्सचे झाकण हाताने काढून "हलायचं नाही" म्हणत तो दोन आकडे मोजायचा आणि झाकण परत लावायचा, असे आत्या सांगते. आजोबा खुर्चीत बसले आहेत, ताठ, जराही न हललेले. नऊ-दहा वर्षांची आत्या त्यांच्याशेजारी दोन वेण्या पुढे घेऊन श्वास रोखून उभी आहे. आजी दुसऱ्या खुर्चीत आहे आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांचे माझे वडील झोपलेले आहेत. झोपलेले असल्यामुळे फोटोत सर्वांत स्पष्ट तेच आहेत, पापण्यासुद्धा दिसतात. आजीचा हात त्यांच्या पाठीवर आहे आणि तोही तितकाच स्पष्ट आहे. बांगड्या मोजता येतात, करंगळीजवळची पोळल्याची खूण दिसते. मूल जागे होऊ नये म्हणून तो हात हलला नसावा. पण त्या दोन आकड्यांमध्ये तिने मान वळवली. मानेच्या वर कपाळाचा, कुंकवाचा, नाकाचा एक फराटा आहे, डावीकडून उजवीकडे गेलेला, आणि उजवीकडे जिथे ती टेकली तिथे डोळ्यासारखा एक गडद ठिपका.

त्यानंतर वर्षभरातच आजी गेली.

मी छायाचित्रणात रमल्यावर, काहीतरी मोठे सापडल्याच्या आवेशात, बाबांना एकदा म्हणाले होते, की हा फोटो बिघडलेला नाही, यात आजी जिवंत आहे, वळते आहे. आजोबांचा नुसता पुतळा आहे. बाबांनी फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. ते शांतपणे म्हणाले, "तुला त्यात हालचाल दिसते. मला आईचं तोंड दिसत नाही." आणि फोटो जागच्या जागी ठेवून ते वर्तमानपत्र वाचायला लागले. मी तेव्हा पंचविशीत होते, मला ते माझ्या कलेवरचे मत वाटले आणि थोडा रागही आला. लक्ष्मी रस्त्यावरच्या मुलीने "यात मी कुठे आहे" म्हणून विचारले, तेव्हा मला आधी बाबांचा तो आवाज ऐकू आला. वीस वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी मला एकच गोष्ट सांगितली होती.

या वर्षी श्रावण लागताच मी त्या मुलीला फोन केला आणि तुमच्या पथकाच्या सरावाला येऊ का, असे विचारले. नदीपात्राच्या कडेला, पुलाच्या अलीकडे, संध्याकाळी सहापासून त्यांचा सराव चाले. दोन हॅलोजन दिवे, पाण्याचा कुबट वास, डासांची अगरबत्ती आणि ढोलांची पाने तापवून ताणून घेणारी मुले. "मॅडम"वरून ती दुसऱ्याच दिवशी "काकू"वर आली. ती मूळची लातूरची, इथे वसतिगृहात राहून शिकते. आईने तिला वाजवताना कधी पाहिलेले नाही, गणपतीत आईला रजा मिळत नाही. त्यामुळे मी पहिल्या संध्याकाळी दुसरे काहीच केले नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवला, १/५०० वर आले, आणि तिचा चेहरा काढला. घाम, चिकटलेली बट, दातांत धरलेला खालचा ओठ. तिने तो लगेच पाहिला आणि म्हणाली, "आईला हाच." तिथल्या तिथे पाठवूनही दिला.

मग पुढचे आठ-दहा दिवस मी जात राहिले, कारण मला एक गोष्ट शोधायची होती. झोका टोकाला पोहोचतो तेव्हा परत फिरण्याआधी क्षणभर थांबतो. ढोलाच्या ठेक्यातही ती जागा आहे. हात वर गेला, की तो खाली येण्याआधी अंगातली सगळी हालचाल एका टोकाला येते, मान मागे जाते आणि तिथे थबकते. ती जागा डोळ्याने पकडता येत नाही, उशीर होतो. ती ठेक्यातच मोजावी लागते. मी पायाने ताल धरून, १/३० वर, त्या थबकण्याच्या किंचित आधी बटण दाबायला शिकले. चेहरा राहतो, फेट्याचा शेव पसरतो, टिपरू कमळाच्या देठासारखे वाकलेले दिसते. सगळे जमते असे नाही, शंभरात सहा-सात. शंभरात सहा-सात हे नळ स्टॉपच्या हिशेबाने बरेच आहे.

एका संध्याकाळी विश्रांतीत ती माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे फोटो पुढे-मागे करत बसली होती. मधेच पूर्ण फसलेला एक आला. अर्धा सेकंद उघडे राहिलेले शटर, डोक्यापासून पायापर्यंत नुसता पांढरा झोत, नाक-डोळे काही नाही. मी तो पुसण्यासाठी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "थांबा, ही आमची ताई आहे, दुसऱ्या रांगेतली." कशावरून, असे मी विचारले. तिने कॅमेरा खाली ठेवला, उठून उभी राहिली आणि उजवा हात कोपरातून मागे नेऊन, खांद्याच्या जरा बाहेरून गोल फिरवत पुढे आणला. "तिचा हात असाच येतो. बाकी कुणाचाच असा येत नाही." तोपर्यंत आणखी दोघी वाकून पाहायला आल्या होत्या आणि दोघींनी नाव न विचारता तेच नाव घेतले.

मला घरी जाताना म्हात्रे पुलावर गाडी बाजूला घेऊन थांबावे लागले. ज्या झोतात मला कुणीच दिसले नव्हते, त्यात त्यांना त्यांची ताई दिसली, कारण तिचा हात त्या रोज पाहत होत्या. आणि बाबा? आई गेली तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. तिला वळताना पाहिलेले त्यांना आठवतच नाही. तो फराटा त्यांनी कशाशी ताडून पाहायचा होता? मी त्यांना एक अशी ओळ वाचायला सांगत होते, जिची लिपी त्यांना कुणी शिकवली नव्हती, आणि वर ती किती सुंदर आहे हेही ऐकवत होते.

भाऊबीजेला आम्ही दरवर्षी साताऱ्याला आत्याकडे जातो. या वेळी मी तो फोटो मोठा करून सोबत नेला. ओवाळून झाले, चकल्यांचा डबा फिरला, आणि दुपारी सगळे जरा निवांत झाल्यावर मी तो तिच्या हातात दिला. आत्या आता ऐंशीला आली आहे. तिने चष्मा पदराने पुसला, फोटो लांब धरला. बाबा समोरच्या खुर्चीत सुपारी कातरत होते. तू शेजारीच उभी होतीस, आजी कुणाकडे वळली, असे मी विचारले. "ते नाही गं आठवत," ती म्हणाली. "फोटोवाला रागावला एवढं आठवतं. दुसरी काच नव्हती त्याच्याकडे." थोडा वेळ ती फराट्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पण अशीच बघायची ती." आणि हनुवटी किंचित खाली घेऊन, आधी डोळे आणि मग त्यांच्या मागून मान, असे तिने उजवीकडे वळून पाहिले. मी तिला जन्मापासून ओळखते. ती स्वतः अशी कधीच वळत नाही.

बाबांच्या हातातला अडकित्ता थांबला होता.

"अक्का," ते म्हणाले, "पुन्हा एकदा कर."